भाजलेल्या माणसाचे मोजमाप चिठ्ठीवर लिहा

माननीय संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर महिन्यातून दोन-तीनदा तरी एक बातमी असते. कुठे सिलिंडरने पेट घेतलेला असतो, कुठे पंगतीतल्या उकळत्या वरणात मूल पडलेले असते, कुठे मोटार सुरू करायला गेलेला शेतकरी तारेला चिकटून होरपळलेला असतो. आणि बातमीच्या शेवटी हमखास एक वाक्य येते की, सदर व्यक्ती साठ टक्के भाजली असून तिला पुढील उपचारासाठी हलवण्यात आले आहे. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांत ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम करून मी निवृत्त झाले, आणि त्यांतली ११ वर्षे जळीत कक्षात गेली. त्या अनुभवावरून सांगते की, बातमीतला हा टक्क्यांचा आकडा बहुतेक वेळा कोणीही मोजलेला नसतो. दारातून आत येणाऱ्या रुग्णाकडे एक नजर टाकून तो बोलला जातो, नातेवाइकांच्या तोंडून वार्ताहरापर्यंत पोहोचतो आणि छापून येतो. बातमीपुरते ते चालून जाईल, पण उपचाराला चालत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तेवढीच आहे. आपल्या खानदेशात भाजलेला माणूस पहिल्या दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात पाठवला जातो, तेव्हा त्याच्याबरोबरच्या चिठ्ठीवर मोजमाप नसते.

काही वर्षांपूर्वीची मे महिन्यातली एक संध्याकाळ मला तारखेसकट आठवते. शिरपूर तालुक्यातल्या एका गावात लग्न होते आणि वरण-बट्टीची पंगत बसली होती. वाढप्यांनी वरणाचे तपेले ओट्याच्या कडेला जमिनीवर ठेवले होते आणि चार वर्षांचा एक मुलगा खेळता खेळता मागे सरकत त्यात बसला. कोणी टूथपेस्ट आणली, कोणी तूप आणले, शेवटी आजीने त्याला आपल्या लुगड्यात गुंडाळून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेले. तिथून तो आमच्याकडे आला तेव्हा अपघाताला चार तास होऊन गेले होते. चिठ्ठीवर चार ओळी होत्या. गरम वरणाने भाजले आहे, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, मलम लावले, पुढे पाठवत आहोत. किती वाजता भाजले ते नव्हते, वजन नव्हते, अंगाचा किती भाग भाजला ते नव्हते, आणि मुलाच्या हाताला सलाइनची सुईसुद्धा नव्हती. आजी मला समजावत होत्या, "आते रडस नई, त्याले बरं वाटी ऱ्हायनं." मी त्याचे पाऊल हातात घेतले तर ते मेच्या उकाड्यात गार पडले होते. अंगठ्याचे नख दाबून सोडले तर पांढरे झालेले नख लाल व्हायला जेवढा वेळ लागायला नको तेवढा लागत होता. दुपारपासून त्याला लघवी झाली नव्हती. तो गप्प होता तो बरे वाटत होते म्हणून नव्हे. अंगातले पाणी संपत आल्यामुळे रडण्याचे बळ त्याच्यात उरले नव्हते.

भाजल्यावर माणसाच्या अंगात काय घडते हे वाचकांनी एकदा समजून घ्यावे, म्हणजे मी मोजमापाचा एवढा आग्रह का धरते ते पटेल. कातडी जळते तेवढ्यावर प्रकरण थांबत नाही. भाजलेल्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातले पाणी आणि क्षार आसपासच्या मांसात उतरतात, आणि भाजण्याचा पसारा मोठा असेल तर अंगभर हीच गळती सुरू होते. पहिले आठ तास ती सर्वांत जोरात असते. बाहेरून रक्त सांडताना दिसत नाही, त्यामुळे बघणाऱ्याला घाई वाटत नाही. पण आतल्या आत माणूस कोरडा पडत जातो, मूत्रपिंडे बंद पडू लागतात, आणि जी जखम कदाचित बरी झाली असती ती पाण्याअभावी अधिक खोल होत जाते. मोठ्या माणसाचा साधारण १५ ते २० टक्क्यांहून अधिक भाग आणि लहान मुलाचा १० टक्क्यांहून अधिक भाग भाजला असेल तर शिरेतून पाणी द्यावेच लागते. किती द्यायचे हे टक्के आणि वजन यांच्या गुणाकारावर ठरते. म्हणजे टक्केच चुकले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

हे टक्के मोजणे अवघड मुळीच नाही. वॉलेस नावाच्या शल्यचिकित्सकाने १९५१ मध्ये मांडलेला नऊचा नियम आजही जगभर वापरला जातो, आणि तो पाढ्याइतका सोपा आहे. प्रौढ माणसाचे डोके आणि मान मिळून ९ टक्के, एक हात ९, दुसरा हात ९, छाती-पोट मिळून पुढचा भाग १८, पाठ आणि कंबर मिळून मागचा भाग १८, एक पाय १८, दुसरा १८, आणि उरलेला १ जननेंद्रियाच्या भागाचा. जखमा विखुरलेल्या असतील तर रुग्णाचाच पंजा, बोटे जुळवून, हवेतल्या हवेत जखमेवर धरून मोजायचा. एक पंजा म्हणजे जवळपास १ टक्का. पंजा रुग्णाचा हवा, मोजणाऱ्याचा नको. ही गोष्ट मी नव्याने रुजू झालेल्या मुलींना दर वर्षी सांगत असे, कारण चार वर्षांच्या मुलावर आपला पंजा धरला की उत्तर निम्म्यावर येते.

मुलांच्या बाबतीत नऊचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. तान्ह्या बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे, सुमारे १८ टक्के, आणि पाय आखूड, प्रत्येकी सुमारे १४ टक्के. पहिल्या वर्षानंतर दर वर्षी डोक्यातला एक टक्का कमी करून अर्धा-अर्धा टक्का दोन्ही पायांना द्यायचा, असे करत करत दहाव्या वर्षाच्या सुमारास मूल मोठ्या माणसाच्या मापात येते. यासाठी लंड आणि ब्राउडर या दोघांनी १९४४ मध्ये तयार केलेला तक्ता आहे, ज्यात माणसाची पुढची आणि मागची बाह्याकृती असते आणि शेजारी वयाप्रमाणे आकडे असतात. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात १९४२ साली एका नाइट क्लबला आग लागून शेकडो माणसे गेली, त्यानंतरच्या उपचारांच्या अनुभवातून तो तक्ता आला. पेन्सिलने आकृतीवर जखम रंगवायची आणि बेरीज करायची. एका कागदाचे, पाच मिनिटांचे काम आहे.

एक चूक मात्र सर्रास होते आणि ती माझ्याही हातून झालेली आहे. केवळ लाल झालेली, फोड न आलेली कातडी टक्क्यांत धरायची नसते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका बाईंचा लालसर झालेला गळा आणि खांदे मोजून ३४ टक्के लिहिले. मोठ्या सिस्टरांनी फोड आलेला आणि सोललेला भागच मोजला, तेव्हा ते २१ निघाले. त्या दिवशी त्यांनी तपासले नसते तर त्या बाईंना गरजेपेक्षा लिटरावारी पाणी गेले असते. जास्त पाणीही निरुपद्रवी नाही. ते फुप्फुसांत साचते, हातापायांची सूज वाढवते. कमी मोजण्याने जसा जीव जातो, तसा जास्त मोजण्यानेही धोक्यात येतो.

टक्क्यांच्या बरोबरीने खोली पाहावी लागते, आणि इथे सामान्य माणसाची समजूत नेमकी उलटी असते. लाल, ओलसर, फोड आलेली, हात लावू न देणारी जखम ही त्या मानाने वरवरची. ती नीट जपली तर साधारण दोन-तीन आठवड्यांत भरून येते. पांढुरकी, करपलेली किंवा चामड्यासारखी ताठ झालेली, टोचले तरी न दुखणारी जखम ही सर्वांत खोल, कारण तिथल्या संवेदनेच्या नसाच जळून गेलेल्या असतात. "इथे दुखत नाही, म्हणजे इथे कमी भाजलं असेल," असे म्हणणारे नातेवाईक मी शेकडो पाहिले. शिवाय उकळत्या पाण्याने किंवा वरणाने झालेली जखम पहिल्या दिवशी जेवढी दिसते तेवढीच राहते असे नाही. दोन-तीन दिवसांत ती खोल जाऊ शकते. म्हणून पहिल्या दिवशी खोलीबद्दल छातीठोकपणे बोलू नये, परंतु पसारा मात्र पहिल्याच तासाला मोजून लिहावा.

आता त्या मुलाकडे परत येते. त्याच्या पाठीला, कमरेला आणि मांड्यांना वरपासून खालपर्यंत पांढरे मलम फासलेले होते. पहिल्या दवाखान्यातल्या कोणीतरी ते चांगल्याच भावनेने लावले असणार. पण त्या मलमाखाली जखमेचा रंग दिसत नाही, त्यामुळे आम्हाला ते आधी पुसून काढावे लागले, आणि पुसण्यासाठी त्याला वेदनाशामक औषध द्यावे लागले, आणि औषधासाठी शीर शोधावी लागली, जी गार पडलेल्या मुलाच्या हाताला चटकन सापडत नाही. रुग्ण पुढे पाठवायचाच असेल तर मलम, हळद, जांभळे औषध यांपैकी काहीही लावू नये; स्वच्छ धुतलेल्या कोरड्या कपड्यात किंवा निर्जंतुक गॉजमध्ये झाकून वरून चादर घालावी. मलम काढून आम्ही पंजाने मोजले तेव्हा १९ टक्के भरले. वजन १४ किलो. मुलांसाठी दर किलोला, दर टक्क्याला ३ मिलिलिटर हे प्रमाण धरले तर ३ गुणिले १४ गुणिले १९, म्हणजे ७९८ मिलिलिटर रिंगर लॅक्टेट (क्षार असलेले सलाइन) पहिल्या २४ तासांत; त्यातले निम्मे, म्हणजे सुमारे ४०० मिलिलिटर पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे असतात, रुग्णालयात पोहोचल्यापासून नाही. त्याचे चार तास कोरडेच गेले होते, म्हणून उरलेल्या चार तासांत ते ४०० मिलिलिटर आणि शिवाय मुलांना रोज लागणारे साखरेचे सलाइन द्यायचे होते. संपादक महोदय, ४०० मिलिलिटर म्हणजे रिंगर लॅक्टेटची एक बाटलीसुद्धा नाही. ती बाटली पहिल्या दवाखान्याच्या कपाटात निश्चित होती, तशी ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. ती लावण्यासाठी लागणारा आकडा कोणी काढला नव्हता.

मोठ्या माणसांसाठी पार्कलंड सूत्र सर्वांना पाठ असते. अमेरिकेतल्या डल्लास शहरातल्या पार्कलंड रुग्णालयात बॅक्स्टर या डॉक्टरांनी १९६८ मध्ये ते मांडले. ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले टक्के, एवढे पाणी पहिल्या २४ तासांत. ५० किलोची बाई ४० टक्के भाजली असेल तर ८ लिटर, त्यातले ४ लिटर पहिल्या आठ तासांत. आता अनेक ठिकाणी प्रौढांना २ मिलिलिटरपासून सुरुवात करून पुढे रुग्ण पाहून वाढवतात, आणि ते योग्यच आहे, कारण सूत्र हा फक्त आरंभ असतो. त्यानंतर लघवीची नळी घालून दर तासाला बाटलीत किती जमले ते पाहायचे असते. प्रौढाला दर किलोमागे तासाला सुमारे अर्धा मिलिलिटर, लहान मुलाला सुमारे एक मिलिलिटर लघवी होत असेल तर पाणी योग्य चालले आहे. कमी असेल तर वाढवायचे, फार असेल तर कमी करायचे. रात्रपाळीत मी घड्याळ आणि ही बाटली यांच्यामध्ये चालत राहिले आहे. तो मुलगा आल्यानंतर पहाटे अडीच वाजता बाटलीत पहिल्यांदा स्वच्छ पिवळी १५ मिलिलिटर लघवी जमलेली दिसली, तेव्हा मी त्याच्या आजीला उठवून ती दाखवली होती.

टक्क्यांचा आकडा फसवतो अशाही जागा आहेत आणि त्या आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. शेतातल्या स्टार्टरचा किंवा डीपीचा धक्का बसलेल्या शेतकऱ्याच्या तळहातावर एक काळा डाग आणि पायाच्या तळव्याला दुसरा, एवढेच बाहेरून दिसते. मोजले तर दोन टक्केही भरत नाहीत. पण वीज आतल्या आत स्नायू जाळत गेलेली असते, जळलेल्या स्नायूंतले द्रव्य मूत्रपिंडांत अडकते आणि लघवी काळपट तांबडी, चहाच्या रंगाची होते. अशा रुग्णाला टक्क्यांच्या हिशेबापेक्षा बरेच जास्त पाणी लागते आणि हृदयाची तपासणीही लागते. दुसरी जागा बंद खोलीतल्या आगीची. नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी, आवाज बसलेला, अशी लक्षणे दिसली तर अंगावर जखम थोडी असली तरी श्वासनलिकेला सूज येऊन तास-दोन तासांत श्वास कोंडू शकतो. श्वासनलिकेत नळी घालायची ती सूज येण्याआधी. तिसरी, हाताला, पायाला किंवा छातीला बांगडीसारखी गोल फिरलेली खोल जखम. ताठ झालेली कातडी आतल्या सुजेला जागा देत नाही, रक्तपुरवठा तुटतो, आणि ती वेळीच चिरून मोकळी न केल्यास हातपाय गमवावा लागतो. बांगड्या, अंगठ्या, जोडवी आणि करदोडा आल्याबरोबर काढावेत ते याच कारणासाठी. सौभाग्याचे लेणे म्हणून जोडवी काढू न देणाऱ्या सासवांशी मी वाद घातला आहे आणि कात्रीने ती कापलीही आहेत.

सातपुड्यातल्या पाड्यांवरून येणाऱ्या रुग्णांत एक वेगळा गट असे. फेफरे येऊन चुलीत किंवा शेकोटीत पडलेली माणसे. शुद्ध नसल्यामुळे ती आगीतून हात मागे घेत नाहीत, म्हणून त्यांच्या जखमा नेहमी खोल असतात. धडगाव-अक्कलकुव्याकडून घाट उतरून यायला जो वेळ लागतो त्यात आठांपैकी किती तास निघून जातात याचा विचार केला, म्हणजे पहिल्या केंद्रातच पाणी सुरू होणे का अगत्याचे आहे ते वेगळे सांगायला नको.

आता घरातल्या पहिल्या वीस मिनिटांविषयी, कारण ती दवाखान्याच्या हातात नसतात. भाजल्याबरोबर जखमेवर साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. पहिल्या तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तूप नको, चुलीतली राखही नको. मला ठाऊक आहे की, मेमध्ये आमच्याकडे टँकरची वाट पाहणाऱ्या गावात वीस मिनिटे नळ सोडा म्हणणे हे थट्टेसारखे वाटते. त्यावर मी स्वतः वापरलेला उपाय सांगते. जखमेखाली घमेले किंवा टब ठेवावा, स्वच्छ पाण्याची एक बादली घ्यावी, तांब्याने हळूहळू ओतत राहावे आणि खाली जमलेले पाणी झाडांना घालावे. एका मिनिटाला एक तांब्या ओतला तरी वीस तांब्यांत काम होते. लहान मूल असेल तर फक्त भाजलेला भाग गार करावा आणि बाकीचे अंग गोधडीत ठेवावे, नाहीतर त्याला हुडहुडी भरते. आणि जमिनीवर तपेले ठेवून पंगत वाढू नये, एवढे लग्नघरच्या कर्त्या माणसाने वाढप्यांना सांगितले तरी दर उन्हाळ्यात काही मुले माझ्या जुन्या कक्षात येणार नाहीत.

केळीच्या पानाबद्दल मला अनेक जण विचारतात, आणि जळगाव जिल्ह्यात तो प्रश्न साहजिकच आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग जखमेवर वापरून त्यावर २००३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केले. पान गुळगुळीत आणि मेणचट असल्यामुळे जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ड्रेसिंग काढताना रुग्ण ओरडत नाही, आणि खर्च जवळपास नगण्य. रोज गॉज ओढून काढताना जखमेवरची कोवळी कातडी सोलली जाताना ज्याने पाहिली आहे त्याला याची किंमत कळेल. मात्र ते पान निर्जंतुक केलेले होते. रावेर-यावलच्या बागेतून तोडून आणलेले पान, ज्यावर फवारणी झालेली आहे आणि धूळ बसलेली आहे, ते तसेच गुंडाळून आणलेले रुग्णही मी पाहिले, आणि त्यांच्या जखमा चिघळल्या होत्या. केळीच्या या पट्ट्यात तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. धुळ्याचे जुने, जळगावचे आणि नंदुरबारचे अलीकडच्या काळातले. त्यांपैकी एकाने तरी हे काम आपल्याकडे पुढे न्यावे अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

टक्क्यांचा आणखी एक उपयोग केला जातो आणि तो मला फार सलतो. नातेवाईक विचारतात, "सिस्टर, किती टक्के?" आपण साठ म्हटले की त्यांचा चेहरा बदलतो, आणि थोड्या वेळाने घरी नेण्याची भाषा सुरू होते. न मोजता बोललेले ते साठ कधीकधी पस्तीस असतात. पस्तीस टक्के भाजलेली तरुण बाई, वेळेवर पाणी मिळाले, जखम स्वच्छ राहिली, अंडी-दूध-डाळ पोटात गेली, तर जगण्याची चांगली शक्यता असते. तिला साठ म्हणून घरी पाठवणे म्हणजे मरायला पाठवणे. भाजलेल्या स्त्रियांच्या बाबतीत पोलीस, जबाब, माहेर आणि सासर यांची गर्दी खाटेभोवती असते. जबाब झालाच पाहिजे. परंतु जबाबासाठी सुई थांबता कामा नये. कायदेशीर सोपस्कारांआधी जीव वाचवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. ॲसिड हल्ल्यातल्या पीडितेवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार करावेत हे २०१३ पासून कायद्यातच आहे. तरीही तिला एका दारातून दुसऱ्या दारात फिरावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे १,८०,००० माणसे भाजून दगावतात, आणि भारतात दर वर्षी १० लाखांहून अधिक माणसे मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. जगणाऱ्यांची संख्या मरणाऱ्यांहून कितीतरी मोठी आहे, आणि जगल्यावर त्यांचे काय होते हे कोणी विचारत नाही. तो मुलगा जगला. त्याच्या मांडीची कातडी खोल गेली होती, तिथे त्याच्याच अंगावरची कातडी घेऊन कलम केले. घरी जाताना गुडघ्याची पट्टी रात्रंदिवस बांधायची, रोज पाय सरळ करायचा, असे मी स्वतः सांगितले होते. पण गावाहून यायला मजुरी बुडवावी लागते म्हणून तपासणीला कोणी आले नाही. तीन वर्षांनी तो आला तेव्हा गुडघ्यामागची कातडी आखडून दोर झाली होती आणि तो टाचा उचलून, वाकलेल्या पायाने चालत होता. ज्या स्थितीत रुग्णाला कमी दुखते, त्याच स्थितीत कातडी आखडते. हे घरच्यांना चिठ्ठीवर मराठीत लिहून द्यायला हवे, तोंडी सांगितलेले कक्षाच्या दारापर्यंतही टिकत नाही.

कलमासाठी रुग्णाची स्वतःची कातडी पुरत नसेल तेव्हा तात्पुरती लावायला मृत व्यक्तीची कातडी उपयोगी पडते. शीव रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, अर्ध्या-पाऊण तासात, मांड्या, पाय आणि पाठीवरून कातडीचा अगदी पातळ थर घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही, देह विद्रूप होत नाही, आणि ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली कातडी काही वर्षे टिकते. खानदेशात नेत्रदानाची चळवळ गावोगाव पोहोचली आहे. त्याच कार्यकर्त्यांनी त्वचादानाचाही शब्द टाकावा.

माझी मागणी मात्र या सगळ्यांत सर्वांत स्वस्त आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात, तसेच १०८ च्या रुग्णवाहिकेत, भाजलेल्या रुग्णासाठी एक छापील पान असावे. त्यावर माणसाची आणि मुलाची, पुढून आणि मागून, अशा आकृत्या असाव्यात. किती वाजता भाजले, कशाने भाजले, वजन किती, टक्के किती, कोणते सलाइन किती वाजता सुरू केले, किती गेले, लघवी किती झाली, एवढ्या जागा भरल्याशिवाय रुग्ण पुढे पाठवू नये. जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांनी ठरवले तर हे पान पंधरा दिवसांत छापून होईल. आणि आपल्या वार्ताहरांनी टक्के छापण्याआधी, ते कोणी मोजले, हा एक प्रश्न रुग्णालयात विचारावा, अशी आपल्यालाही विनंती आहे.

या पानाचा नमुना मी हाताने काढून ठेवला आहे. ज्या केंद्राला हवा असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी तो घेऊन येईन आणि तिथल्या सिस्टरांना, आशाताईंना, रुग्णवाहिकेच्या चालकांना एका दुपारी पंजाने मोजायला शिकवीन. प्रवासखर्च नको.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
शिरपूर, जि. धुळे